चंद्रावरचा प्लेटो बघायचाय? कोजागरीला नको, खंडेनवमीला या

कोजागरीला आमच्या पाचपाखाडीच्या गच्चीवर मसाला दुधाचं पातेलं येतं आणि कोणीतरी हटकून म्हणतं, "काढा की तुमची दुर्बीण!" पहिल्या वर्षी हौसेने काढली. एकेकाने डोळा लावला, "फारच पांढरं दिसतंय हो" म्हणाले आणि दुधाकडे वळले. चूक माझीच. पौर्णिमेला चंद्रावर ऊन समोरून पडतं, सावल्या दिसतच नाहीत. मग उंचसखल कळणार कसं?

आता मी सहा दिवस आधीच, खंडेनवमीला बोलावतो. सकाळी आई पाना-पक्कडीबरोबर दुर्बिणीचीही पूजा करते. (हळदकुंकू नळीला. आरशाला नाही, हे दरवर्षी सांगावं लागतं.) तशी कुठल्याही महिन्याची शुद्ध नवमी चालते, पावसाळा सोडून.

प्लेटो म्हणजे भोवती तटबंदी असलेलं सपाट मैदान. रुंदी १०१ किमी; ठाण्याहून सरळ रेघ मारली तर इगतपुरी मागे पडेल. आघाताने झालेला खड्डा पुढे लाव्हाने भरला. येऊरचा डोंगर ज्या बेसॉल्टचा, तसलाच हा काळा तळ. हेवेलियस या खगोलशास्त्रज्ञाने सतराव्या शतकात त्याला 'मोठं काळं तळं' म्हटलं होतं.

माझी दुर्बीण ६ इंची आरशाची डॉब्सोनियन (साध्या फिरत्या बैठकीवरची), नाभीय अंतर १२०० मिमी. १० मिमीचा आयपीस (डोळ्याशी लावायचं भिंग) लावला की चंद्र १२० पट मोठा. तासभर आधी वर नेऊन ठेवा, म्हणजे ती बाहेरच्या हवेला सरावते. ऑक्टोबरात स्लॅब दिवसभर तापलेला असतो, हवा चुलीवरच्यासारखी लहरते, म्हणून नऊच्या आधी घाई नको.

उजेड-अंधाराच्या रेषेवरून उत्तरेकडे सरका. माझ्या दुर्बिणीत चित्र उलटं, म्हणून खाली. चंद्रावरच्या आल्प्स पर्वताची रांग लागेल, मधोमध सुरीने चिरल्यासारखी सरळ दरी. रांग संपते तिथे काळा लंबगोल, तोच प्लेटो. मुळात गोलच आहे, आपल्याला तिरका दिसतो. पूर्वेच्या तटाची शिखरं दोनेक किलोमीटर उंच. त्यांच्या सावल्या करवतीच्या दातांसारख्या मैदानावर लांबच लांब पडलेल्या असतात.

इथे थांबायचं. सावल्यांची टोकं कागदावर काढा. शेजारच्या मुलाने मेंटेनन्सच्या बिलामागे काढली होती. मग खाली जाऊन चहा घ्या. तासाभराने दुसऱ्या कागदावर पुन्हा काढा, सावल्या आखडलेल्या असतील. फक्त दुसरं चित्र पुरं होईपर्यंत पहिलं बघू नका.