निबंध ‘पुढच्या रविवारी’ लिहिणाऱ्यांसाठी

पुण्यात सदाशिव पेठेत स्पर्धा परीक्षांची तयारी करणाऱ्या मुलांचे निबंध मी तपासून देते. मुलं हुशार असतात, मेहनती असतात. वेळापत्रकात रविवारच्या रकान्यात ‘निबंध’ असं लिहिलेलंही असतं. सोमवार ते शनिवारच्या रकान्यांवर बरोबरच्या खुणा दिसतात आणि रविवारच्या पुढे बाण काढून तो पुढच्या आठवड्यात ढकललेला असतो.

यूपीएससीच्या मुख्य परीक्षेत निबंधाला 250 गुण आहेत, लेखी परीक्षेच्या 1750 पैकी. सामान्य अध्ययनाच्या एका अख्ख्या पेपरइतकेच. एमपीएससीच्या राज्यसेवेची मुख्य परीक्षाही 2025 पासून वर्णनात्मक झाली आणि तिथेही निबंध 250 गुणांचाच आहे. हे सगळ्या मुलांना तोंडपाठ असतं. त्यामुळे ‘महत्त्व पटवून घ्या’ हा सल्ला मी कधीच देत नाही. महत्त्व पटलेलं असतं, म्हणूनच पेन उचलायची भीती वाटते.

अडतं कुठे, ते सांगते. निबंधाला म्हणण्यासारखा अभ्यासक्रम नाही. राज्यशास्त्राचं पुस्तक संपलं की संपलं म्हणता येतं, निबंधाचं वाचन कधीच संपत नाही. ‘अजून एका टॉपरने लिहिलेल्या निबंधाची कॉपी बघतो, सुविचारांची वही पूर्ण करतो, मग लिहितो’ हे बोलणं अभ्यासासारखं वाटतं, म्हणून त्यात कुणाला गैर दिसत नाही. कॅनडातले मानसशास्त्रज्ञ टिमोथी पिचिल यांनी आयुष्यभर चालढकलीचाच अभ्यास केला. त्यांचं म्हणणं असं, की चालढकलीचं मूळ वेळेच्या नियोजनात नसतं. कामाने मनात जी नकोशी भावना उठते ती टाळण्यात असतं. माझ्या टेबलाशी बसणाऱ्या मुलांकडे बघून मला हे शंभर टक्के पटतं. कोऱ्या पानावर लिहिलेलं पहिलं वाक्य फिकं दिसतं आणि आपण या परीक्षेच्या लायकीचे नाही असं वाटायला लागतं. ते वाटू नये म्हणून पुन्हा पीडीएफ उघडली जाते.

तेव्हा पहिली गोष्ट म्हणजे वेळापत्रकातून ‘निबंध’ हा शब्दच काढून टाका. त्या जागी परिच्छेद लिहा. हिशेब साधा आहे. यूपीएससीत तीन तासांत दोन निबंध, प्रत्येकी 1000 ते 1200 शब्दांचे. विचार आणि कच्चा आराखडा यांचा वेळ वजा केला तर एका निबंधाच्या लिखाणाला साधारण सत्तर मिनिटं उरतात. निबंधाचे दहा परिच्छेद धरले तर एका परिच्छेदाला सात मिनिटं, शंभर-सव्वाशे शब्द. सात मिनिटं तर मेसचा डबा येईपर्यंतही मिळतात. कधी आणि कुठे तेही लिहून ठेवा: ‘मंगळवारी सकाळी अभ्यासिकेत बसल्याबसल्या, वर्तमानपत्र उघडण्याआधी, एक परिच्छेद.’ नुसतं ‘मंगळवारी’ लिहिलेलं रात्रीपर्यंत लांबतं आणि रात्री डोळे मिटायला लागतात.

दुसरी गोष्ट, आणि माझा सगळ्यात जास्त भर हिच्यावर आहे. प्रस्तावना आधी लिहू नका. आपण काय म्हणणार आहोत हेच अजून ठरलेलं नसतं, तर त्याची ओळख कशी करून देणार? मुलं प्रस्तावनेसाठी एखादं अवतरण शोधत बसतात आणि तासाभराने उठून चहाला जातात. सुरुवात मधून करा, तुम्हाला स्वतःला नीट ठाऊक असलेल्या एखाद्या प्रसंगापासून.

2022 साली यूपीएससीत एक विषय आला होता: छताची दुरुस्ती करायची वेळ म्हणजे लख्ख ऊन असतानाची. राजापूरकडची एक मुलगी या विषयापुढे कितीतरी दिवस अडून बसली होती. आपत्ती व्यवस्थापन, आर्थिक सुधारणा, हवामान बदल, सगळ्याच्या नोट्स तिच्याकडे होत्या आणि पान मात्र कोरं. मी म्हटलं, ‘तुझ्या घराचं छप्पर कसलं?’ म्हणाली, ‘कौलारू.’ मग तिने शाकारणीवर लिहिलं. मृगाआधी आजोबा कौलं उतरवून घ्यायचे, फुटकी बाजूला काढायचे, वासे ठोकून वाळवी लागली आहे का ते बघायचे. पण ऐन त्याच दिवसांत आंब्याची घाई, लग्नं, मुंबईहून आलेले चाकरमानी. त्यामुळे शाकारणी दर वर्षी मागे पडायची आणि पहिल्या सरीला घरभर भांडी मांडावी लागायची.

हे लिहिता लिहिता तिच्या हाताला निबंधाचा कणा लागला. उन्हाच्या दिवसांत दुरुस्ती सोपी असते हे खरं, पण त्याच दिवसांना दुसरी कामं लागलेली असतात, म्हणून दुरुस्ती होत नाही. ही ओळ कुठल्याही नोट्समध्ये नव्हती. तिथून पुढचे परिच्छेद आपोआप सुचत गेले. 12 जुलै 1961 ला फुटलेलं पानशेत धरण: काम पुरतं झालेलं नसताना पाणी साठवलं गेलं आणि पुण्याचा नदीकाठ वाहून गेला. मग उलट बाजूचं उदाहरण: 1972 च्या दुष्काळात रोजगार हमीची कामं निघाली, पण महाराष्ट्र दुष्काळाबरोबर ती गुंडाळून मोकळा झाला नाही, 1977 मध्ये त्याचा कायदा केला. प्रस्तावना तिने सगळ्यात शेवटी लिहिली आणि ती तिला लगेच जमली.

लिहायला बसाल तेव्हा लॅपटॉप नको. परीक्षेत हातानेच लिहायचं आहे, आणि स्क्रीनवर खोडता येतं म्हणून एकच वाक्य सारखं बदललं जातं. समास आखलेली सुटी पानं घ्या, परीक्षेला नेणार तेच पेन घ्या. मराठीतून लिहिणाऱ्यांना यूपीएससीचा विषय इंग्रजी आणि हिंदीत छापलेला मिळतो. तो पानाच्या डोक्यावर आधी आपल्या मराठीत उतरवून काढा. तेवढ्यानेही हात चालू होतो. सात मिनिटं खाडाखोड करायची नाही, मागे वळून वाचायचं नाही. फोन सायलेंटवर ठेवून भागत नाही, शेजारच्या टेबलावरच्या माणसाकडे देऊन टाका. टॉपरची कॉपी बघायला माझी हरकत नाही, फक्त त्याच विषयावरचा स्वतःचा परिच्छेद झाल्यावर बघा. तेव्हा त्यातून खूप शिकायला मिळतं. आधी बघितली तर आपलं मन गप्प बसतं.

परिच्छेद झाला की तो त्याच दिवशी कुणाच्या तरी हातात पडला पाहिजे. तपासणारा तज्ज्ञच हवा असं नाही. रूममेटला द्या आणि एवढंच सांगा: जिथे कंटाळा आला तिथे पेन्सिलने खूण कर, जिथे कळलं नाही तिथे प्रश्नचिन्ह टाक. गुण मागू नका. सुरुवातीच्या काळात दहापैकी चार मिळाले की पुढचा आठवडा वाया जातो, हे मी डोळ्यांनी बघितलं आहे. दोघांनी एकमेकांचे परिच्छेद वाचायचे ठरवलं तर फारच उत्तम. समोरचा वाट बघतोय म्हटलं की माणूस बसतो.

आठवडा चुकेल. घरी लग्न निघेल, ताप येईल, निकाल मनासारखा लागणार नाही. तेव्हा ‘पुढच्या रविवारी दोन निबंध’ असं कर्ज डोक्यावर घेऊ नका. त्याच संध्याकाळी एक परिच्छेद लिहा आणि मागचं सोडून द्या. आणि एक गोष्ट काळजीपोटी सांगते. निबंधच नव्हे, काहीच करावंसं वाटत नाही, झोप उडाली आहे, घरचा फोन घ्यायलाही भीती वाटते, असं आठवडेच्या आठवडे चाललं असेल तर ती चालढकल नाही. डॉक्टरांना भेटा, किंवा सरकारच्या टेलि-मानस सेवेला 14416 वर फोन करा. मराठीत बोलता येतं.

आठवड्याला चार-पाच परिच्छेद लिहिलेत तर चार-पाच आठवड्यांत हाताशी वीसेक जमतात. ते पसरून बघा. त्यातले काही एकमेकांशी बोलायला लागलेले दिसतील: शाकारणी आणि पानशेत जसे एका निबंधात बसले तसे. तसे पाच-सहा निवडा, क्रम लावा, मधले सांधे लिहा, आणि त्या आठवड्यात पहिल्यांदा घड्याळ लावून सलग दीड तास बसा. दुसरा निबंध जोडून तीन तासांचा सराव त्याच्याही पुढच्या महिन्यात करा.

आज सुरुवात करायची असेल तर हाच छताचा विषय घ्या. तुमच्या गावात पावसाळ्याआधी काय दुरुस्त करतात आणि काय राहून जातं, त्यावर सात मिनिटं.