दिल्लीचं बजेट आणि गावची रोकडवही: ग्रामपंचायत सदस्यांनी नेमकं काय बघायचं

१ फेब्रुवारीला अर्थमंत्र्यांचं भाषण सुरू झालं की टीव्हीवर एकच विषय, आयकराचा स्लॅब. आमच्या तालुक्यातल्या ग्रामपंचायत सदस्यांत आयकर भरणारे किती ते मला ठाऊक आहे, म्हणून तो विषय सोडून देतो. तरी भाषण संपलं की फोन येतातच, "काका, आपल्याला काय आलं?" माझी सगळी नोकरी पंचायत समितीच्या लेखा शाखेत गेली. निवृत्त झाल्यावर हे फोन घेणं हाच उद्योग आहे. फोनवर तुटक तुटक सांगतो ते इथे सलग लिहितो.

आधी एक गोष्ट डोक्यात पक्की करा. केंद्राचा पैसा गावात तीन वाटांनी येतो. एक वाट सूत्राची: वित्त आयोगाचा, म्हणजे केंद्राच्या पैशातला राज्यांचा आणि पंचायतींचा वाटा सुचवणाऱ्या आयोगाचा निधी. तो कुणी मंजूर करावा लागत नाही, लोकसंख्या आणि क्षेत्रफळावर ठरतो. दुसरी योजनेची: जलजीवन, घरकुल वगैरे. इथे मंजुरी, हप्ते, राज्याचा वाटा असं सगळं लचांड असतं. तिसरी थेट माणसाच्या खात्यात: पीएम किसान, वृद्धांची पेन्शन. "निधी आला नाही" असं कुणी म्हटलं की पहिला प्रश्न हा विचारायचा, कुठल्या वाटेचा निधी? वाट कळली की कुणाला धरायचं तेही कळतं.

अर्थसंकल्पाची कागदपत्रं केंद्रीय अर्थ मंत्रालयाच्या संकेतस्थळावर हिंदी आणि इंग्रजीत त्याच दिवशी येतात. भाषण वाचू नका असं मी म्हणणार नाही, पण भाषणात आकडे सोयीचे असतात. आपल्याला हवी ती मंत्रालयवार खर्चाची पानं. तिथे योजनेच्या नावासमोर चार रकाने असतात: मागच्याच्या मागच्या वर्षीचा प्रत्यक्ष खर्च, सरत्या वर्षाचा अर्थसंकल्पीय अंदाज, त्याच वर्षाचा सुधारित अंदाज आणि येत्या वर्षाचा अर्थसंकल्पीय अंदाज. वर्तमानपत्रं चौथा रकाना छापतात. तुम्ही दुसरा आणि तिसरा शेजारी शेजारी ठेवून बघा.

जलजीवन मिशनचंच घ्या. २०२४-२५ साठी सुमारे ७०,१६३ कोटी रुपये ठेवले होते. सुधारित अंदाजात ते २२,६९४ कोटींवर आले, म्हणजे तिसऱ्या हिश्श्याहूनही कमी. त्याच दिवशी २०२५-२६ साठी ६७,००० कोटी जाहीर झाले आणि योजनेची मुदत २०२८ पर्यंत वाढवल्याचं भाषणात आलं. बातमी ६७,००० ची झाली. गावात काय दिसत होतं? टाकी स्लॅबपर्यंत आलेली, सेंट्रिंग तसंच लटकलेलं, रस्त्याच्या कडेला निळ्या पट्ट्याच्या काळ्या पाइपची वेटोळी उन्हात पडलेली. काही घरांसमोर सिमेंटचा ठोकळा आणि त्यातून वर आलेला पाइप होता, तोटीचा पत्ता नाही. लोक ठेकेदाराला शिव्या देत होते. ठेकेदार म्हणे, "बिल निघत नाही." नेहमीसारखी थाप असेल असं सगळ्यांना वाटलं. थाप असतेही बऱ्याचदा. पण त्या वर्षी दिल्लीच्या कागदावरच आकडा इतका खाली आला होता की नुसती थाप म्हणून सोडून देता येत नव्हतं.

म्हणून अशा वेळी ग्रामसभेत "काम कधी पूर्ण होणार" असं विचारू नका. "लवकरच" याखेरीज त्याला उत्तर नाही. जिल्हा परिषदेच्या ग्रामीण पाणीपुरवठा विभागाच्या शाखा अभियंत्याला विचारा: कार्यारंभ आदेशाची तारीख कोणती, मोजमाप पुस्तिकेत आजवर किती रकमेचं काम नोंदलंय, त्यातलं किती अदा झालंय? नोंदलेलं आणि अदा झालेलं जवळजवळ सारखं असेल तर ठेकेदारच काम थांबवून बसलाय, त्याच्यामागे लागा. नोंदलेलं मोठं आणि अदा झालेलं तुटपुंजं असेल तर अडचण वर आहे. मग तालुक्याला खेटे घालण्यात अर्थ नाही, आमदार-खासदारांकडे जा. एका महिला सदस्याला मी एवढेच तीन प्रश्न लिहून दिले होते. त्या मला म्हणाल्या, "काका, साहेबांनी पहिल्यांदाच खुर्ची पुढे केली." आकडे मात्र त्यांना आठ दिवसांनी मिळाले, तेही अर्धेच.

आता राज्याच्या वाट्याबद्दल. आपल्या महाराष्ट्रात जलजीवनचा खर्च केंद्र आणि राज्य निम्मा निम्मा उचलतात, घरकुलात ते प्रमाण ६०:४० आहे. केंद्राने पैसे दिले आणि राज्याने आपला हिस्सा टाकला नाही तर पुढचा हप्ता अडतो. त्यामुळे १ फेब्रुवारीवर थांबू नका. मार्चमध्ये राज्याचा अर्थसंकल्प येतो आणि पावसाळी व हिवाळी अधिवेशनात पुरवणी मागण्या, म्हणजे अर्थसंकल्पानंतरच्या वाढीव खर्चाच्या मागण्या येतात, त्यातही योजनेचं नाव शोधा. पुरवणी मागण्यांकडे गावातलं कुणी बघत नाही. मला विचाराल तर गावाच्या दृष्टीने त्या दिल्लीच्या भाषणापेक्षा कामाच्या.

वित्त आयोगाकडे येऊ, कारण ग्रामपंचायतीच्या हातात खऱ्या अर्थाने असतो तो हाच पैसा. तो केंद्रीय अर्थसंकल्पात शोधताना लोक ग्रामविकास किंवा पंचायत राज मंत्रालयाची पानं चाळतात आणि रिकाम्या हाताने परततात. तो असतो अर्थ मंत्रालयाच्या 'राज्यांना हस्तांतरण' या मागणीत, म्हणजे खर्चाच्या त्या नावाच्या भागात. पंधराव्या आयोगाचा काळ २०२१-२२ ते २०२५-२६ असा पाच वर्षांचा. त्यासाठी देशभरच्या ग्रामीण स्थानिक संस्थांना २,३६,८०५ कोटींची शिफारस होती. महाराष्ट्रात यातले ८० टक्के ग्रामपंचायतींना आणि दहा-दहा टक्के पंचायत समिती व जिल्हा परिषदेला, अशी वाटणी होती. त्याआधी चौदाव्या आयोगात सगळाच पैसा ग्रामपंचायतींचा होता, त्यामुळे जुने सरपंच अजून कुरकुरतात. त्यांचं चुकतं असं नाही.

गावाच्या वाट्याला समजा दहा लाख आले. पंधराव्या आयोगात त्यातले सहा लाख बंधित, म्हणजे ठरलेल्या बाबींवरच खर्चायचे असत: तीन स्वच्छतेचे, तीन पिण्याच्या पाण्याचे आणि जलसंधारणाचे. उरलेले चार लाख अबंधित. अबंधित म्हणजे मनाला येईल तसा असं नव्हे, त्यातून पगार आणि आस्थापना खर्च चालत नाही. "शिपायाचा पगार थकलाय, यातून भागवू" असं मासिक सभेत कुणी सुचवलं तर तिथेच थांबवा, नाहीतर लेखापरीक्षणात आक्षेप निघतो आणि वसुली सरपंच-ग्रामसेवकांच्या नावावर लागते. दुसरीकडे, बंधितच्या दोन बाबींपैकी एकीची गरज पूर्ण भागली असेल तर तो पैसा दुसरीवर वापरायची मुभा पंधराव्या आयोगाने दिली होती. हे फार थोड्या ग्रामपंचायतींनी वापरलं. १ एप्रिल २०२६ पासून सोळाव्या आयोगाचा काळ सुरू होतो, तेव्हा गावाचा पुढचा विकास आराखडा करण्याआधी नवा शासन निर्णय मागून घ्या. जुन्या टक्केवारीवर आराखडा रेटू नका.

हा पैसा बघायला कुणाची परवानगी लागत नाही. ई-ग्रामस्वराज या केंद्राच्या संकेतस्थळावर राज्य, जिल्हा, तालुका, ग्रामपंचायत आणि वर्ष निवडलं की आराखडा, योजनानिहाय जमा आणि खर्च मोबाइलवर दिसतो. एका बाजूला ते उघडा आणि दुसऱ्या बाजूला ग्रामपंचायतीचा नमुना १ मागा. नमुना १ म्हणजे ग्रामपंचायतीचा अर्थसंकल्प. नमुना ५, सामान्य रोकडवही, तीही मागा. ऑनलाइन जमा एक, वहीत दुसरी, असं निघालं तर लगेच चोर-चोर ओरडू नका. बहुतेक वेळा मागच्या वर्षीची अखर्चित शिल्लक किंवा व्याज एका ठिकाणी धरलेलं असतं, दुसऱ्या ठिकाणी नसतं. भाऊसाहेबांना, म्हणजे ग्रामसेवकांना, शांतपणे ताळमेळ मागा. तो त्यांना घालता आला नाही, तर मग बोला.

आणखी एक मेख. निवडून आलेली बॉडी नसेल तर वित्त आयोगाचा हप्ता अडतो. निवडणूक लांबून प्रशासक बसला की गावाला वाटतं, काम चाललंय ना, मग झालं. पण निधीचं नळकांडं वरून बंद झालेलं असतं. एरवी केंद्राकडून रक्कम मिळाल्यावर राज्याने ती दहा कामकाजाच्या दिवसांत पुढे पाठवायची आणि उशीर झाल्यास व्याजासह द्यायची, असा नियम होता. व्याज मागणारी ग्रामपंचायत मी तरी पाहिली नाही.

तिसऱ्या वाटेचं थोडक्यात सांगतो, कारण तिथे ग्रामपंचायतीचा हात फार चालत नाही. श्रावणबाळ या राज्याच्या वृद्ध पेन्शन योजनेच्या लाभार्थ्याला महिन्याला १,५०० मिळतात. दारिद्र्यरेषेखालच्या वृद्धांच्या बाबतीत त्यात केंद्राचे किती? ऐंशी वर्षांखालच्यांना २००. २००७ मध्ये इंदिरा गांधी वृद्धापकाळ पेन्शन सुरू झाली तेव्हाही २००च होते. केंद्रीय अर्थसंकल्पातल्या सामाजिक साहाय्याच्या ओळीसमोर २०२४-२५ ला ९,६५२ कोटी आणि २०२५-२६ लाही ९,६५२ कोटी. आकडा हलला नाही की बातमी होत नाही, पण महागाई वाढत असताना तोच आकडा राहणं म्हणजे कात्रीच.

उलटंही होतं. २०२३-२४ ला ग्रामीण रोजगार हमीसाठी ६०,००० कोटी ठेवले तेव्हा ओरड झाली, आणि सुधारित अंदाजात तेच ८६,००० कोटी झाले. कारण मजुरांनी कामाची मागणी नोंदवली होती. गावात "काम पाहिजे" असं पारावर बोलून दिल्लीचा आकडा हलत नव्हता. अर्ज भरून तारखेची पोच घेतली तरच ती मागणी मोजली जायची.

तारखा सांभाळा. पुढच्या वर्षाच्या आराखड्याचं काम २ ऑक्टोबरच्या ग्रामसभेपासून सुरू होतं, म्हणजे अर्थमंत्री भाषणाला उभे राहण्याच्या चार महिने आधी. भाषण ऐकून मग काम सुचवणारा सदस्य एका वर्षाने मागे पडलेला असतो. सुधारित अंदाजासाठी केंद्रात मंत्रालयांच्या बैठका साधारण ऑक्टोबरपासूनच चालतात. तेव्हा रखडलेल्या कामाचा ठराव त्याच ग्रामसभेत घ्या आणि प्रत खासदारांना पाठवा. फेब्रुवारीत पाठवलेल्या ठरावाला "कार्यवाहीस्तव पुढे पाठवले" इतकं उत्तर येतं, तेही आलं तर.

तोंडी मागून कागद मिळाला नाही तर माहितीचा अधिकार आहेच. दहा रुपयांचा कोर्ट फी स्टॅम्प, तीस दिवसांची मुदत. अर्जात "का" विचारू नका. का याचं उत्तर देणं त्यांच्यावर बंधनकारक नाही आणि अर्ज तिथेच निकाली निघतो. असं लिहा: "अमुक योजनेत आमच्या ग्रामपंचायतीसाठी अमुक आर्थिक वर्षात प्राप्त निधीची तारीख, रक्कम व पत्र क्रमांक, तसेच झालेल्या खर्चाच्या प्रमाणकांच्या (व्हाउचरच्या) छायाप्रती द्याव्यात." एका अर्जात एकच योजना, एकच वर्ष.