दुःखाची कविता वाचताना या चुका टाळा

रसग्रहणात ‘येथे कुंकू हे सौभाग्याचे प्रतीक आहे’ असं लिहिलं की गुण मिळतात. सवय तिथूनच लागते: दिसली वस्तू की चिकटव अर्थ. संध्याकाळ म्हणजे मृत्यू, पाऊस म्हणजे अश्रू.

बहिणाबाई चौधरींना तिशीच्या सुमारास वैधव्य आलं. त्या म्हणतात:

लपे करमाची रेखा
माझ्या कुंकवाच्या खाली
पुशीसनी गेलं कुंकू
रेखा उघडी पडली

इथे कुंकू काय करतंय ते बघा. ते झाकतंय. नशिबाची रेघ कपाळावर आधीपासूनच होती. नवरा गेल्यामुळे ती उमटली नाही, नुसती दिसू लागली. म्हणजे सुखाच्या दिवसांतही ती खाली होतीच, हे या चार ओळींतलं खरं भयंकर. ‘सौभाग्याचं प्रतीक’ म्हणून पुढे गेलात तर नेमकं हेच हातचं जातं. शंका आली तर कुंकवाच्या जागी ‘सौभाग्य’ घालून ओळी पुन्हा वाचा. अर्थ लागतो, पण कपाळही जातं आणि लपणंही.

दुसरी चूक याच कवितेत सापडते. डोळ्यांत पाणी आलं की वाचक थांबतो आणि ‘करुण’ असा शिक्का मारतो. पण ही बाई पुढे ज्योतिषालाच सुनावते: ‘नको नको रे ज्योतिषा, नको हात माझा पाहू’. माझं दैव मला कळतं, माझ्या दारी येऊ नको. कपाळावरची रेघ उघडी पडल्यावर हातावरच्या रेघा वाचणाऱ्याची गरजच काय! हा ताठा वगळून केलेलं वाचन अर्धवट आहे.

कवितेतला ‘मी’ म्हणजे कवी, हे गृहीत धरू नका. ‘चंदनाची चोळी माझें सर्व अंग पोळी’ असं ज्ञानेश्वर लिहितात तेव्हा बोलते ती विरहिणी. गारवा देणारं चंदनच भाजतंय. रूपक उलटं चालतंय, म्हणून ठरलेले अर्थ इथे कामाचेच नाहीत.

बालकवी 1918 मध्ये रेल्वेखाली सापडून गेले. तेव्हापासून त्यांच्या ‘औदुंबर’मध्ये मरणाची चाहूल शोधणारे कमी नाहीत. ओळ आहे ‘झांकळुनी जळ गोड काळिमा पसरी लाटांवर’. शोक शोधायला आलेले ‘काळिमा’ उचलतात आणि ‘गोड’ पाण्यातच सोडतात. उदासी असेलही त्यात, पण तिचा पुरावा ओळीतून द्या, अपघातातून नको.

चरित्र अजिबात नको, असंही नाही. ज्ञानेश्वरांनी 1296 मध्ये आळंदीला समाधी घेतली, त्यावर नामदेव म्हणतात: ‘नामा म्हणे आतां लोपला दिनकर । बाप ज्ञानेश्वर समाधिस्थ’. परंपरेनुसार नामदेवांचा जन्म 1270 चा, ज्ञानेश्वरांचा 1275 चा. मोठा माणूस धाकट्याला बाप म्हणतोय, हे माहीत असलं की ओळ वेगळी ऐकू येते.