होमलोन फिटलं पण सातबाऱ्यावर बोजा (बँकेच्या कर्जाची नोंद) तसाच? असं करा
लोन फिटलं म्हणून बँक आपणहून सगळं करेल या भरवशावर राहू नका. आधी बँकेकडून नो ड्यूज लेटर (काही देणं बाकी नाही असं पत्र) घ्या, मग तलाठ्याकडे किंवा सरकारच्या ई-हक्क पोर्टलवर बोजा कमी करायचा अर्ज टाका, फेरफार (नोंदीतला बदल) मंजूर झाला की नवा सातबारा काढून इतर हक्काचा रकाना स्वतः बघा, बँकेचं नाव तिथंच असेल तर जमीन विकताना गिऱ्हाईक हमखास अडतं. ओरिजनल कागद अडकलेत? आरबीआयचा नियम आहे, 1 डिसेंबर 2023 पासून, पूर्ण फेडीनंतर 30 दिवसांत कागद परत आणि रजिस्टर केलेला चार्ज (मालमत्तेवरचा बँकेचा हक्क) काढायचा, बँकेमुळे उशीर झाला तर दिवसाला 5000 रुपये भरपाई. शाखेत तोंडी बोलून काही होत नाही, लेखी तक्रार देऊन पोच घ्याच, 30 दिवसांत उत्तर नाही आलं तर आरबीआय ओम्बड्समनकडे (बँकांविरुद्धच्या तक्रारी सोडवणारा अधिकारी) ऑनलाइन तक्रार, फी शून्य.