चादर उलटून बघणाऱ्यानं चित्रावर कसं लिहावं

सोलापुरात चादर घेताना नुसती नक्षी बघून कुणी पैसे काढत नाही. घडी मोडायची, पाठ बघायची (पुढं पांढऱ्यावर लाल फूल असेल तर मागं लालावर पांढरं), काठ चिमटीत धरायचा, वजन हातावर तोलायचं. समकालीन कलेबद्दल स्वतःचं काही लिहायचं तर सुरुवात याच सवयीनं करा. हात तेवढा लावायचा नाही. काम कशाचं केलंय, उभं कशावर राहिलंय, कुठं सांधलंय, हे आधी. अर्थ मागून येऊ दे. बरेचसे लेख फसतात ते पहिल्याच ओळीत अर्थ सांगायला गेल्यामुळं.

मुंबईला जाऊन बघणार असाल तर रात्रीची सिद्धेश्वर एक्सप्रेस सोयीची. सकाळी उतरता, पण गॅलऱ्या साधारण अकराला उघडतात. काळा घोड्याला जहांगीर आर्ट गॅलरी (१९५२ पासूनची, प्रवेश फुकट) आणि राष्ट्रीय आधुनिक कला संग्रहालय चालत काही मिनिटांच्या अंतरावर आहेत. संग्रहालय सोमवारी बंद असतं. दिवसाला दोनच जागा बघा आणि लिहायला एकच काम निवडा. सात प्रदर्शनं पालथी घातली की लेखाची यादी होते. सोबत पेन्सिल ठेवा, कारण बऱ्याच संग्रहालयांत आत पेन चालत नाही.

निवडलेल्या कामासमोर चाळीस मिनिटं द्या. पहिली दहा मिनिटं शेजारची पाटी वाचायचीच नाही. वहीत फक्त नामं आणि क्रियापदं लिहायची, विशेषण एकही नको. ‘लाल दोर. भिंतीवरून उतरतो. जमिनीवर वेटोळं.’ एवढंच. नंतर तीन अंतरांवरून बघा: पाच पावलं मागून, हातभर अंतरावरून आणि बाजूनं. बाजूनं बघणं लोक हमखास विसरतात. कॅनव्हासच्या कडेला खालचे थर कधी कधी उघडे राहिलेले असतात. वर करडं दिसणारं चित्र कडेला तांबडं निघतं आणि लेखाला धागा मिळतो. अमूर्त चित्रं काढणारे वासुदेव गायतोंडे रंगासाठी रोलर आणि पॅलेट नाइफ (रंग पसरायची बोथट सुरी) वापरत. त्यांचं चित्र लांबून एकाच रंगाचं वाटतं, जवळ गेलं की त्यात ओरबाडलेलं, पुसलेलं, खालून झिरपलेलं दिसायला लागतं. ‘अमूर्त आहे, प्रत्येकाला वेगळं दिसतं’ असं लिहून मोकळं होणाऱ्यानं ही शेवटची पाच पावलं चाललेली नसतात.

आता पाटी. मापात बहुधा उंची आधी, मग रुंदी. सेंटिमीटरला २.५४ नं भागलं की इंच मिळतात. १८३ × १२२ म्हणजे सहा फूट बाय चार. पण वाचकाला आकडा दिसत नाही. ‘सात फुटी दाराला टेकवलं तर वर फूटभर जागा उरेल’ हे दिसतं. मुद्राचित्राखाली ३/१० असेल तर तो दहा प्रतींतला तिसरा ठसा, गुण नव्हेत. ‘मिश्र माध्यम’ लिहिलं असेल तर गॅलरीच्या टेबलापाशी बसलेल्या माणसाला विचारा, नेमकं काय काय मिसळलंय. व्हिडिओ असेल तर आपण मधूनच आत शिरलेलो असतो. ती जागा परत येईपर्यंत बसायचं आणि एकूण मिनिटं टिपायची.

मग दहा मिनिटं बाहेर पडा, चहा घ्या, परत या. दुसऱ्यांदा जे आधी डोळ्यात भरेल तिथून लेख सुरू करा.

वर वहीत टिपलेला लाल दोर बंगळुरूच्या कलाकार शीला गौडा यांच्या कामातला. सूत सुयांत ओवलेलं, अनेक सुतं एकत्र घेऊन कुंकू आणि गोंदानं बांधलेली, टोकाला सुयांचा झुबका. यावर ‘स्त्रीच्या वेदनेचं प्रभावी प्रतीक’ असं कुणीही लिहील, आणि ते चूकही नाही. पण मागाच्या घरातल्या माणसाला वेगळाच प्रश्न पडायला हवा: मध्ये सूत तुटलं तर? मागावर तार तुटली की गाठ मारतात, फणीतून ओढून घेतात आणि माग पुन्हा चालू. इथं ती गाठ सुईच्या नेढ्यातून जाईल? म्हणजे न तुटता, न गुंतता एवढं सूत हाताळायला किती धीर लागला असेल, ते कळायला लागतं. वेदना हा शब्द न वापरता वेदनेपाशी पोचता येतं ते असं. लेखातला ‘मी’ इथं हवा. लहानपणी मागासाठी सुताच्या कांड्या कोण भरायचं हे एका वाक्यात आलं तर चालेल. तिसरं वाक्य आलं की दोर मागं पडतो आणि आत्मचरित्र सुरू होतं.

‘वाटलं’ हे क्रियापद जिथं जिथं येईल, तिथं त्याच्या आधी दिसलेली एक वस्तू आहे का ते तपासा. नसेल तर वाक्य काढा. ‘हे तर पोरगंही काढेल’ असं मनात आलं असेल तर तेही लपवू नका. कुठली रेघ बघून आलं, ते लिहा. आणि एक आपल्याकडचा आजार: कुठल्याही चित्रावर लिहिताना ‘पंढरपुरात जन्मलेल्या हुसेन यांच्या जिल्ह्यात’ अशी सुरुवात. हुसेन यांना जरा विश्रांती द्या.

सातशे शब्दांचा लेख असेल तर साधारण अडीचशे वर्णनाला, शंभर-दीडशे माहितीला, उरलेले स्वतःच्या विचाराला. पहिला खर्डा त्याच दिवशी, परतीच्या गाडीत कल्याण यायच्या आत. सकाळपर्यंत रंग विसरतात आणि मत तेवढं राहतं. दोन दिवसांनी ‘अप्रतिम’, ‘गूढ’, ‘रंगांची उधळण’, ‘अंतर्मुख करणारं’ यांवर काट मारा. ‘अवकाशाचा शोध घेतं’ असलं वाक्य सापडलं तर ते गॅलरीच्या इंग्रजी टिपणातून घसरून आलेलं असतं. ते टिपण वाचावं जरूर, पण खर्डा झाल्यावर, नाव-साल पडताळायला.

शेवटी चित्र न बघितलेल्या घरातल्या माणसाला लेख वाचून दाखवा आणि त्याला कागदावर ते ढोबळ काढायला सांगा. दोर छताला टांगलेला काढला, तर तुमचं वर्णन कमी पडलंय. मग खाली एक ओळ: कलाकार, कामाचं नाव, साल, माध्यम, माप, कुठं आणि कुठल्या तारखेला पाहिलं. फोटो छापणार असाल तर परवानगी आधी मागा. उत्तर आलं नाही तर फोटोशिवाय छापा.