शेतमजूर खापरपणजोबांचा माग: इंग्लंडच्या खेड्यातला पूर्वज कसा शोधावा

नातीला शाळेतून वंशवृक्ष काढून आणायला सांगितला होता. आमच्या बाजूचं काम अर्ध्या दिवसात झालं, कारण त्र्यंबकेश्वरच्या उपाध्यायांच्या वहीत सात पिढ्यांची नावं मिळाली. तिच्या वडिलांच्या बाजूची फांदी मात्र दोन पिढ्यांतच थांबली. व्याही मूळचे सफकचे, म्हणजे इंग्लंडच्या पूर्व किनाऱ्यावरच्या काउंटीतले. ते म्हणाले, "आमचं काय असणार? सगळे दुसऱ्याच्या शेतावर राबणारे. ना जमीन, ना घर." तेव्हापासून तीन वर्षं मी फावल्या वेळात हेच शोधते आहे. व्याह्यांचं म्हणणं निम्मं खरं निघालं. मजुराने स्वतः काही लिहून ठेवलेलं नसतं. पण त्याच्यावर कुणाचा पैसा खर्च झाला, किंवा होईल अशी नुसती धास्ती वाटली, की लगेच कागद तयार व्हायचा. म्हणून प्रत्येक टप्प्यावर एकच विचारायचं: याच्यापायी खिशात हात कुणाला घालावा लागत होता?

सुरुवात मात्र ठराविक रस्त्यानेच करायची, आजपासून मागे. इंग्लंड आणि वेल्समध्ये जन्म, लग्न आणि मृत्यूची सरकारी नोंद 1 जुलै 1837 पासून आहे. फ्रीबीएमडी या संकेतस्थळावर तिची सूची फुकट पाहता येते. जनरल रजिस्टर ऑफिसच्या स्वतःच्या सूचीत जन्माच्या नोंदीला आईचं माहेरचं आडनाव आणि मृत्यूच्या नोंदीला वयही मिळतं, म्हणून दोन्ही शेजारी उघडून ठेवा. दाखल्याला पैसे पडतात. सगळे मागवत बसू नका, आधी लग्नाचे मागवा. त्यात वराचे आणि वधूचे, दोघांचेही वडील धंद्यासकट लिहिलेले असतात, म्हणजे एका दाखल्यात एक अख्खी पिढी मागे जाता येतं. वडिलांचा रकाना कोरा असेल तर बहुधा मूल लग्नाशिवाय झालेलं असतं. कधी कधी लाजेपोटी वराने वडिलांचं नाव बनवून सांगितलेलंही असतं, तेव्हा त्या रकान्यावर डोळे मिटून विश्वास ठेवायचा नाही. जन्म सापडला नाही म्हणून खचायचंही कारण नाही. 1875 पर्यंत बाळं शोधून नोंदवणं हे रजिस्ट्रारचं काम होतं, आईबापांवर सक्ती नव्हती, त्यामुळे काही निसटलीच.

आडनावाचं स्पेलिंग विसरून जा. लिहिणारा कारकून कानावर पडेल ते लिहायचा, आणि सांगणाऱ्याला अक्षर ओळखता येत नसल्यामुळे चूक दाखवणारं कुणीच नसायचं. आमच्या व्याह्यांच्या घराण्यातला 'रीड' एकाच खेड्यात चार प्रकारे लिहिलेला सापडला. देवनागरीत लिहिला तर चारही एकच. मी वहीत सगळं मराठीत उतरवू लागले आणि गोंधळ निम्मा झाला.

दुसरा टप्पा जनगणनेचा. 1801 पासून दर दहा वर्षांनी जनगणना होते, पण माणसांची नावं सर्रास मिळतात ती 1841 पासून. त्या पहिल्या यादीत पंधरा वर्षांवरच्या माणसाचं वय पाचाच्या पटीत खाली आणून लिहायचं असा नियम होता. एकोणचाळीस वर्षांचा माणूस पस्तिशीचा दिसतो. घरातली नाती दिलेली नाहीत, आणि जन्म 'याच काउंटीत झाला की नाही' एवढंच विचारलं आहे. खरी कामाची यादी 1851 ची, कारण तीत नातं, वय आणि जन्माचं गाव असतं. मग दशकाला एक उडी मारत 1911 पर्यंत या. त्या वर्षीचा कुटुंबप्रमुखाने स्वतः भरलेला कागद जपून ठेवला आहे. लग्नाला किती वर्षं झाली, मुलं किती जन्मली, किती जगली आणि किती गेली, हे तिथे विचारलं होतं. आमच्या घरात मुलांबद्दलचं उत्तर होतं: अकरा, सात, चार. ते चार दाखले मी नंतर एकेक करून मागवले. 1921 ची यादीही खुली झाली आहे. 1931 ची मात्र आगीत गेली.

धंद्याच्या रकान्यात 'ॲग लॅब' असं दिसेल. शेतमजूर या इंग्रजी शब्दांचा तो संक्षेप. वंशावळीच्या नादी लागलेल्या इंग्रजांत त्यावर विनोदही चालतो, की सगळ्यांचे पूर्वज एकाच नोकरीत होते. पण आजूबाजूला बघा. तरुण पोरगा शेतकऱ्याच्याच घरात 'फार्म सर्व्हंट' म्हणून राहताना दिसला तर तो आपल्या भाषेत सालगडी. आपल्याकडे पाडव्याला साल धरतात, तिकडे बऱ्याच भागांत 29 सप्टेंबरच्या मायकेलमस या सणाला धरायचे. लग्न झालं की तोच माणूस रोजंदारीवर यायचा. 1850 च्या सुमाराला दक्षिण आणि पूर्व इंग्लंडात अशा मजुराला आठवड्याचे सात ते नऊ शिलिंग मिळत. घर चालायचं ते बायकोने काढलेल्या खुरपणीवर आणि सुगीनंतर पोरांनी वेचलेल्या सरव्यावर, आणि या दोन्हींची यादीत बहुतेक वेळा नोंद नाही. बायकोच्या धंद्याचा रकाना कोरा आहे म्हणून ती रिकामी बसली होती असं समजू नका.

घरातला पुरुषच गायब दिसला तर? मी 1891 मध्ये अशीच अडले होते: बायको घरात, नवऱ्याचा पत्ता नाही, मेल्याची नोंदही नाही. उत्तर दोनशे किलोमीटर पलीकडे, बर्टन अपॉन ट्रेंटमध्ये सापडलं. सुगी संपली की सफकचे मजूर तिथल्या बीअर कारखान्यांसाठी बार्लीचा माल्ट करायला जात आणि उन्हाळ्याच्या तोंडावर परतत. जनगणना व्हायची मार्च-एप्रिलात, त्यामुळे त्या रात्री हे लोक तिकडच्या खोल्यांत दाटीवाटीने झोपलेले. ऊसतोडीला गेलेल्या माणसाला गावातल्या यादीत शोधण्यासारखंच ते.

1837 च्या मागे जायचं तर चर्चच्या नोंदवह्या. पॅरिश म्हणजे एका चर्चच्या कक्षेतलं गाव, आणि त्यातल्या बाप्तिस्मा, लग्न व दफनाच्या वह्या 1538 पासून ठेवायचा हुकूम आहे. 1754 पासून लग्नाला सही किंवा फुली आणि साक्षीदार लागू लागले, आणि 1813 पासून बाप्तिस्म्याच्या छापील रकान्यात बापाचा धंदा आला. एक गंमत लक्षात ठेवा: 1783 ते 1794 या काळात प्रत्येक नोंदीवर तीन पेन्सचा कर होता आणि कंगालांना तो माफ होता. त्या वर्षांत नावापुढे 'कंगाल' किंवा नुसतं 'पी' दिसलं, तर कुटुंबाची परिस्थिती कळली. तेवढ्यापुरती पाद्रीसाहेबांनी दया दाखवली असण्याचीही शक्यता धरावी. या वह्या फ्रीरेग आणि फॅमिलीसर्च या संकेतस्थळांवर काही प्रमाणात फुकट मिळतात. उरलेल्यांसाठी पैसे भरायचे किंवा काउंटीच्या अभिलेखागारात जायचं. सफकचं मुख्य अभिलेखागार इप्सविचला आहे, 'द होल्ड' नावाच्या नव्या इमारतीत.

इथवर सगळेच येतात. नावं आणि तारखा जमतात, फांदी पूर्ण होते, आणि माणूस तसाच अनोळखी राहतो. म्हणून यापुढचा टप्पा मी सर्वांत महत्त्वाचा मानते. चर्चमध्ये एक कुलूपबंद पेटी असायची, आणि तिच्यात गरिबांवर झालेल्या खर्चाचे कागद ठेवत. 1601 च्या कायद्याने प्रत्येक पॅरिशने आपापल्या गरिबांना पोसायचं असं ठरलं, आणि 1662 पासून 'आपापला' म्हणजे कोण यावरून भांडण सुरू झालं. गरीब माणूस परगावी अडचणीत आला की त्याला दोन न्यायाधीशांपुढे उभं करून विचारत: जन्म कुठला, कुणाकडे किती दिवस कामाला होतास, पगार काय, लग्न कधी, मुलं किती. तो सांगेल ते कारकून लिहून घ्यायचा आणि खाली त्याची फुली. याला सेटलमेंट एक्झॅमिनेशन म्हणतात. निरक्षर मजुराचं आत्मचरित्र म्हणावं असं काही असेल तर ते हेच.

त्यातली उत्तरं वाचताना हिशेबही वाचा. अविवाहित गड्याने पूर्ण वर्ष चाकरी केली की त्याला त्या गावचा हक्क मिळायचा, मग पुढेमागे त्याला पोसायचं ओझं त्या गावावर. त्यामुळे कितीतरी शेतकरी गडी धरायचे ते एक्कावन्न आठवड्यांसाठी. आमच्या माणसाच्या जबानीत हा एक आठवडा दोनदा कमी भरला आहे. शेवटी त्याला, पोटुशी बायको आणि दोन मुलांसकट, बापाच्या गावी धाडल्याचा हुकूम निघाला. बाळ जन्मलं असतं तर आणखी एक तोंड वाढलं असतं, हे त्या हुकमात लिहिलेलं नाही. तारखा जुळवल्या की कळतं.

त्याच पेटीत ओव्हरसीअरच्या, म्हणजे गरिबांवरचा खर्च सांभाळणाऱ्या गावच्या कारभाऱ्याच्या, हिशेबवह्या असतात. मुलाचे बूट, पोतंभर कोळसा, सुईणीचे पैसे, शवपेटी. दारूच्या पैशांचीही नोंद असते: दफनाला खांदा देणाऱ्यांची बीअर. लग्नाशिवाय झालेल्या मुलाचा बापही इथेच सापडतो, कारण खर्च त्याच्या गळ्यात घालायची गावाला घाई असे. अशा कामासाठी अभिलेखागाराची ऑनलाइन यादी गावाच्या नावाने चाळा. माणसाच्या नावाने चाळाल तर बहुतेक हाती काही लागणार नाही. सगळ्या गावांचे कागद टिकलेले नाहीत, आणि नसतील तर शेजारच्या पॅरिशचे पाहा, कारण भांडण दोन गावांत असायचं.

1834 नंतर हा कारभार अनेक पॅरिश मिळून केलेल्या युनियनकडे गेला आणि मदत हवी तर वर्कहाऊसमध्ये, म्हणजे काम करून घेऊन पोसणाऱ्या गरीबखान्यात, या असं धोरण आलं. व्याह्यांच्या भागातली युनियन ब्लायदिंग, आणि तिचं वर्कहाऊस बल्कॅम्पचं. ती इमारत त्याहून जुनी. 1765 मध्ये तिचं बांधकाम चालू असतानाच चिडलेल्या लोकांनी तिची मोडतोड केली होती. वर्कहाऊसच्या भरती आणि सुटकेच्या वह्या जिथे टिकल्या आहेत तिथे जरूर पाहा. एकच माणूस दर हिवाळ्यात आत आणि दर सुगीला बाहेर असा दिसला की त्या गावात काम किती होतं ते समजतं.

घर कुठे होतं हे कळण्यासाठी 1836 च्या कायद्यानंतर काढलेले टाइथचे, म्हणजे चर्चला द्यायच्या दशांशाचे, नकाशे आहेत. प्रत्येक तुकड्याला क्रमांक, आणि जोडीच्या यादीत मालक व कब्जेदार. मजुराची झोपडी कधी स्वतंत्र सापडते, कधी 'आणि इतर' या दोन शब्दांत बुडते. मग जनगणनेतला शेजार आणि नकाशातला शेजार जुळवायचा. जुने ऑर्डनन्स सर्व्हे नकाशे स्कॉटलंडच्या राष्ट्रीय ग्रंथालयाच्या संकेतस्थळावर फुकट आहेत, इंग्लंडचेसुद्धा.

धाकटा भाऊ अचानक नाहीसा झाला तर सैन्य बघा. पोट भरेना म्हणून पलटणीत जाणाऱ्यांत शेतमजूर पुष्कळ होते. निवृत्त शिपायांच्या कागदांत जन्माचं पॅरिश, उंची आणि वर्ण मिळतो. ते लंडनमध्ये क्यू इथल्या नॅशनल आर्काइव्ह्जमध्ये आहेत. पुणे, खडकी, देवळाली इथे आलेल्यांचे बाप्तिस्मे, लग्नं आणि दफनं मुंबई इलाख्याच्या वह्यांत आहेत, आणि त्यांच्या प्रती ब्रिटिश लायब्ररीत. महाराष्ट्रातल्या ज्या घरांत एखादा गोरा पणजोबा ऐकिवात आहे, त्यांनी इथूनच उलटं इंग्लंडकडे जावं.

शेवटी राहिला तुरुंग, आणि हा टप्पा घरातल्या वडीलधाऱ्यांना विचारून घ्यावा. 1830 च्या मळणी यंत्रं मोडण्याच्या आणि जाळपोळीच्या दंगलींवरून एकोणीस जणांना फाशी झाली आणि सुमारे 500 जणांना ऑस्ट्रेलियाला धाडलं. पण बहुतेक मजूर आत गेले ते याहून किरकोळ कारणांनी: जळण, कोंबडी, जमीनदाराच्या रानातली शिकार. सैन्याचे कागद सोडले तर फोटो येण्याआधीच्या माणसाचं रूप कळण्याची जवळजवळ एकमेव जागा म्हणजे तुरुंगाची वही. आमचे खापरपणजोबा तिथे सापडले: उंची पाच फूट चार इंच, केस तपकिरी, डोळे राखाडी, डाव्या हाताच्या करंगळीचं पेर नाही, वाचता येत नाही, सशांच्या चोरट्या शिकारीबद्दल दोन महिने सक्तमजुरी.

व्याह्यांना हे कसं सांगावं याची मला आठवडाभर काळजी होती. त्यांनी कागद दोनदा वाचला, चष्मा काढला आणि विचारलं, "विहीणबाई, ससे किती होते?"