मिनी ट्रॅक्टरचं डिफ लॉक अडकलंय? मेस्त्रीला बोलवायच्या आधी एवढं बघा

डिफ लॉक म्हणजे मागची दोन्ही चाकं एकत्र बांधणारं डिफरन्शियलचं लॉक. ते अडकलं की पहिलं काम म्हणजे पेडलला लाथा घालायचं बंद करा. लाथा घालून पेडल वाकतंय, रॉड वाकतोय, आणि मग मूळचा दोष सुटला तरी वाकलेल्या पेडलामुळं लॉक अर्धवट बसून राहतंय आणि मेस्त्री आला की तो पण गोंधळतोय. कितीतरी वेळा लॉक बिघडलेलं नसतंयच, नुसतं ताणात धरलेलं असतंय.

म्हणजे कसं बघा. वळताना बाहेरच्या चाकाला जास्त फिरायला लागतंय आणि आतल्याला कमी, ती सोय डिफरन्शियल करतंय. पण चिखलात एक चाक घसरायला लागलं की तेच गरागरा फिरत बसतंय आणि घट्ट जमिनीवरचं दुसरं गप्प उभं. म्हणून लॉक. टाचेनं पेडल दाबलं की आतला फोर्क (काटा) एक कॉलर, म्हणजे दातांची कडी, सरकवतोय, त्याचे दात (काही मॉडेलला पिना असतात) डिफरन्शियलच्या खोक्यात बसतात आणि दोन्ही चाकं एकत्र फिरायला लागतात. पाय काढला की स्प्रिंगनं कॉलर मागं आला पाहिजे. आता दाराला कुणीतरी बाहेरनं रेटून धरलंय आणि तुम्ही आतनं कडी काढायला बघताय तर कडी निघेल का? तसंच इथं. एक चाक बांधाला टेकलंय, दुसरं चिखलात, दातांवर सगळा जोर, बिचारी स्प्रिंग काय करणार.

खानापूरकडं नाहीतर बेळगावच्या पश्चिम भागात भाताच्या चिखलात हे जास्त होतंय. लोखंडी केज व्हील लावून चिखल करायला उतरायचं, लॉक दाबायचं, आणि तसंच बांध चढून लाल घट्ट वाटेवर यायचं. मऊ चिखलात चाक थोडं घसरून ताण आपोआप सुटतोय, घट्ट वाटेवर किंवा डांबरीवर तो सुटायला जागाच नसते. निपाणी-चिकोडीकडच्या काळ्या रानात पाऊस पडून गेल्यावर रोटर (रोटाव्हेटर) मारताना पण तीच कथा.

अडकलंय हे ओळखायचं कसं, तर स्टेअरिंग जड लागतंय, पुढची चाकं वळवली तरी ट्रॅक्टर सरळच जायला बघतोय आणि डांबरीवर आतल्या बाजूचं मागचं टायर कर्रकर्र घासतंय. पण थांबा. कुबोटा निओस्टार, महिंद्रा जिवो असले २४ एचपीच्या आसपासचे मिनी ट्रॅक्टर फोर व्हील ड्राइव्हमध्ये येतात, आणि घट्ट जमिनीवर फोर व्हील चालू राहिलं तरी डिट्टो अशीच लक्षणं दिसतात. म्हणून आधी लिव्हरनं फोर व्हील बंद करा, थोडं पुढं-मागं करा आणि परत वळवून बघा. गेलं तर लॉकचा काही संबंध नाही, चहा प्या आणि कामाला लागा.

नाही गेलं तर आता ताण सोडवायचा. ट्रॉली असेल तर सोडा, रोटर असेल तर पीटीओ (रोटर फिरवणारा मागचा शाफ्ट) बंद करून वर उचला. पेडलवर पाय नको. कमी गिअर, कमी रेस, सरळ दोन-चार हात पुढं जा, क्लच पूर्ण दाबून थांबा, मग रिव्हर्स टाकून तेवढंच मागं या. दिशा बदलली की दातांवरचा जोर एका बाजूचा दुसऱ्या बाजूला जातोय आणि त्या मधल्या क्षणाला स्प्रिंग कॉलर ओढून घेतेय, बऱ्याचदा टक् असा आवाज पण येतोय. एवढ्यानं नाही सुटलं तर दोन्ही ब्रेक पेडल जोडणारी पट्टी काढा आणि अगदी हळू चालवत एकदा डावा एकदा उजवा असा ब्रेक हलका हलका दाबा. हा जुगाड न्हाई बरं, कुबोटाच्या मॅन्युअलमध्ये पण हेच लिहिलेलं असतंय. हे मोकळ्या सपाट रानातच करायचं, उतारावर किंवा रस्त्यावर अजिबात न्हाई, मडगार्डवर कुणी पोरगं बसलेलं असेल तर त्याला आधी खाली उतरवा. आणि झाल्यावर ती ब्रेकची पट्टी परत लावा, हे विसरून रस्त्यावर गेलात आणि जोरात ब्रेक दाबायची वेळ आली तर एकाच चाकाला ब्रेक लागून ट्रॅक्टर गर्रकन फिरतोय.

तरी सुटलं नाही? मग इंजिन बंद करा, चावी खिशात घाला आणि खाली वाकून पेडल बघा. इथं दोन वाटा फुटतात. पेडल खालीच राहिलंय म्हणजे दोष बहुतेक बाहेरचा. पेडलखाली वाळलेला चिखल, उसाचा पाला, खडा, फाटलेलं रबर मॅट, काहीही अडकलेलं असू शकतंय. भाताचा चिखल संपला की ट्रॅक्टर तसाच शेडमध्ये उभा राहतोय आणि भात कापून मसूर-वाटाणा पेरायच्या वेळी परत काढतो आपण, तेवढ्यात पेडलची पिन गंजून बसते. पाण्यानं धुवा, वायर ब्रश मारा, डब्ल्यूडी-फोर्टी नाहीतर डिझेल सोडून थोडा वेळ मुरू द्या, मग हातानं पेडल वर-खाली करा. मोकळं झालं की ग्रीस. ग्रीस भरायचं निप्पल असेल तर चिखलानं बुजलेलं असणार, ते आधी साफ करा नाहीतर ग्रीस नुसतं बाहेरच येतंय. स्प्रिंग तुटलीय का, हूक सुटलाय का ते बघा. ट्यूबची पट्टी बांधून घरापर्यंत यायला हरकत न्हाई, पण तीच पट्टी वर्षभर ठेवणारे पण बघितलेत, असलं करू नका, रबर ढिलं पडतंय आणि लॉक अर्धवट लागून दातांचे कोपरे खातंय. मूळ मापाचीच स्प्रिंग घाला. पिन झिजली असेल आणि पार्ट मिळत नसेल तर बेळगावात उद्यमबागला टर्निंगवाले हायतच, जुनी पिन नमुना म्हणून घेऊन जा.

पेडल वर आलंय, रॉडला थोडी ढिलाई पण आहे आणि तरी लॉक सुटत न्हाई, तर दोष आत. पण तसं म्हणायच्या आधी एक टेस्ट करा. सपाट घट्ट जागा बघा, पुढच्या चाकांना आणि मागच्या एका चाकाला पुढून-मागून ठोकळे लावा, दुसरं मागचं चाक जॅकनं उचला. जॅकखाली जाड फळी पाहिजे आणि एक्सलखाली स्टँड किंवा लाकडाचा भक्कम ओंडका, नुसत्या जॅकच्या भरवशावर खाली हात घालायचा न्हाई. गिअर न्यूट्रल, फोर व्हील काढलेलं, हँडब्रेक सोडलेला, कारण तो बहुतेक ट्रॅक्टरला मागच्या चाकांनाच लागतोय, म्हणून तर ठोकळ्यांवर एवढा जोर देतोय. आता उचललेलं चाक हातानं फिरवा. फिरलं तर लॉक सुटलेलं आहे. फिरत नसेल, थोडं हलून अडतंय, तर ते जमिनीवरच्या चाकाला बांधलेलं आहे म्हणजे लॉक लागलेलंच आहे. हेच चाक पुढं-मागं हिसके देऊन हलवत राहा, चाक हवेत असल्यामुळं ताण गेलेला असतोय, पुष्कळदा इथंच टक् करून सुटतंय.

सुटलं तरी तेल बघाच. या छोट्या ट्रॅक्टरांना गिअरबॉक्स, डिफरन्शियल आणि हायड्रॉलिकला बहुधा एकच तेल असतंय, ऑइल ब्रेक (तेलात बुडालेले ब्रेक) असतील तर ते पण त्यातच. डिपस्टिकला दुधाळ तेल दिसलं म्हणजे चिखलात बुडून पाणी आत गेलंय, लॉकच्या शाफ्टचं सील नाहीतर ब्रीदर (हवा जायचं भोक) ही त्याची नेहमीची वाट. पाणी गेलं की फोर्कचा शाफ्ट आतनं गंजतोय आणि कॉलर सरकायला कुरकुरतोय. तेल गरम असताना सगळं काढा, ड्रेन प्लगला काय चिकटलंय बघा. बारीक करडी पूड असेल तर चालतंय, चकत्या किंवा दाताचा तुकडा दिसला तर ट्रॅक्टर तिथंच उभा ठेवा. भरताना मॅन्युअलमध्ये सांगितलंय तेच ट्रान्समिशन तेल, दुकानदार म्हणाला म्हणून ९० नंबरचं गिअर ऑइल ओतू नका, लिफ्ट आणि ऑइल ब्रेक दोन्ही बोंबलतील.

आतलं काम, म्हणजे वाकलेला फोर्क, तुटलेली फोर्कची पिन, कॉलरच्या दातांना आलेल्या धारा, हे घरी करायचं काम न्हाई असं माझं स्पष्ट मत आहे. काही मॉडेलला लिफ्टचं कव्हर काढायला लागतंय, काहींना एका बाजूचं एक्सल हाउसिंग, ट्रॅक्टर नीट टेकवला नाही तर जिवावर बेततंय. वॉरंटीत असेल तर पाना पण लावू नका. मेस्त्रीला फोन करताना "लॉक अडकलंय" एवढंच न सांगता पेडल वर येतंय का खाली राहतंय, जॅकवर चाक फिरलं का, तेल कसलं आहे, हे तीन सांगा म्हणजे तो येतानाच पार्ट आणि सील घेऊन येईल, नाहीतर दोन फेऱ्यांचे पैसे तुमच्याच खिशातनं.

तोपर्यंत ट्रॅक्टर हलवायचाच असेल तर फक्त मऊ रानात, सरळ, चालायच्या वेगानं. लॉक लागलेलं असताना डांबरीवर वळण घेतलं की टायर तर जातंयच, एक्सल पण तुटू शकतोय आणि उतारावर पलटी व्हायची भीती वेगळीच.

दुरुस्ती झाल्यावर मेस्त्रीला लगेच सोडू नका. त्याच्यासमोर रानात नेऊन कमी रेसवर सरळ चालवत लॉक दाबा, सोडा, मग डावीकडं आणि उजवीकडं पूर्ण वळवून बघा. दोन्हीकडं स्टेअरिंग सारखं हलकं लागलं की मगच ट्रॉली जोडा.